भिंतीला भोक

भिंतीला भोक न पाडता घर कसं सजवावं याचे व्हिडिओ मला यापुढे कुणी पाठवू नयेत. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, मान्य. चिकटपट्ट्या, चिकटणारे हुक, ओढला की सालीसारखा निघणारा वॉलपेपर, भिंतीला नुसती टेकवून ठेवायची शिडी आणि तिच्यावरून लोंबणाऱ्या वेली. शेवटी ती हसरी बाई सांगते, घर सोडून जाल तेव्हा तुम्ही इथे राहत होतात हे कुणाला कळणारसुद्धा नाही! हे ती फायदा म्हणून सांगते, आणि नेमकी तिथेच माझ्या डोक्यात तिडीक जाते. आम्ही इथे राहतो हे कळलं पाहिजे. निदान भिंतीला तरी.

नेदरलँड्समध्ये फेल्डहोवनला आमचं घर आहे, ओळीतलं. दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत, पुढे सायकलचा रस्ता, मागे रुमालाएवढी बाग. नवरा इथल्या चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. मी आइंडहोवनमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घेते. घरी तेच काम मी फुकट करते असं नवरा म्हणतो. बरीच वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढल्यावर हे घर घेतलं. ताब्यात आलं तेव्हा आत काही म्हणजे काही नव्हतं. इथे घर सोडणारा माणूस दिवे नेतो, पडद्यांच्या दांड्या नेतो, पायाखालच्या लाकडी पट्ट्यासुद्धा उचलून नेतो. छतातून तारा लोंबत होत्या आणि खाली उघडं सिमेंट होतं. माझ्या मुलीने दारातच उभं राहून विचारलं, “मम्मा, वेअर इज द रेस्ट ऑफ इट?”

उरलेलं आम्हीच करायचं होतं. कारागीर बोलवावा तर तो पुढच्या ऋतूतली तारीख देतो आणि वर उपकार केल्यासारखं बोलतो. म्हणून बाउमार्क्टमधून, म्हणजे इथल्या घरबांधणीच्या सामानाच्या दुकानातून, खरवडण्या, रोलर आणि रंगाचे डबे आणले आणि सुरुवात केली. बाहेरच्या खोलीच्या भिंतींवर जुन्या वॉलपेपरचे थरच्या थर होते. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालायचा, फवारायचा, जरा मुरू द्यायचा, की कागद सुटतो. आधी पांढरा, मग फुलाफुलांचा, मग तपकिरी गोलागोलांचा. कागद निघाला, पण त्याखालची खळ भिंतीवरच राहिली. ती धुऊन काढायची असते हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी माझा इतका पिट्टा पडला होता की ऐकलं नसतं. तिच्यावरच पांढरा रंग फासून मोकळी झाले. या खळीने पुढे आपला इंगा दाखवला, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

बाकी मात्र सगळं झकास जमलं. दारूच्या दुकानातून वाइनची लाकडी खोकी मागून आणली, घासली, एकावर एक रचली आणि पुस्तकांचं कपाट केलं. क्रिंगलोप म्हणून इथे जुन्या वस्तूंची दुकानं असतात, तिथे वेताची एक टोपली मिळाली. ती उलटी करून तिच्यातून वायर ओवली आणि जेवणाच्या टेबलावर दिवा टांगला. संध्याकाळी भिंतीवर तिची जाळी पडते. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांना सुतळी गुंडाळून त्यांत मनीप्लांट लावला. जमिनीच्या पट्ट्या नवऱ्याने बसवल्या. ऑफिसात नॅनोमीटरमध्ये बोलणारा हा माणूस घरात एक पट्टी सरळ कापू शकत नाही, हे त्या आठवड्यात सिद्ध झालं. कोपऱ्यातली फट झाकायला मी तिथे कुंडी ठेवली आहे. पाहुण्यांनी ती हलवू नये.

घर आकाराला येत होतं तसा आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एकच प्रश्न येत होता: वास्तुशांत कधी? ग्रुप चालवणाऱ्या ताई आहेत, माझ्या नवऱ्याच्या टीमलीडच्या बायको. अतिशय उत्साही बाई. त्यांच्याकडे गुरुजींचा नंबर होता, चौरंग होता, कलश होता. मी म्हणायचे, “करू हो.” आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे, त्यावरून काही कळत नाही. म्हणून लोक आडून आडून येतात. मूळ गाव कुठलं? गावात घर कुठल्या बाजूला? कुलदैवत कोणतं? या प्रश्नांना हसून बगल द्यायला मी लहानपणीच शिकले होते, आणि नवरा तर त्यात माझ्याहून तरबेज.

याच सुमारास डावीकडची शेजारीण घर बघायला आली. सत्तरीची, एकटी राहणारी डच बाई, आवाज खणखणीत. येताना भेट म्हणून सिमेंटचं बुद्धाचं मुंडकं घेऊन आली, बागेत ठेवायचं. तुम्ही तिकडचे, म्हणून मुद्दाम आणलं, म्हणाली. तिच्याही घरी एक होतं. मी पाहिलं होतं. संडासात, फ्लशच्या टाकीवर, शेजारी सुगंधी काड्या. मी माझ्या मोडक्या डचमध्ये तिला सांगितलं की आमच्या घरी हा शोभेचा नाही, आम्ही याला शरण जातो. मुलीने मधे पडून भाषांतर केलं. बाई “अच्छा, मग तो माझ्याकडे चुकीच्या जागी आहे,” म्हणून निघून गेली. तिने दिलेला बुद्ध मी बागेत न ठेवता आमच्या पुढच्या खिडकीत ठेवला. पुढच्या वेळी तिच्याकडे गेले तेव्हा टाकीवर नुसत्या काड्या होत्या आणि बुद्ध तिच्या खिडकीत होता.

पण तिच्यावर मी कशाला चिडू? आमच्या मराठी मंडळींत एकही घर नाही जिथे बुद्ध नाही. टीव्हीशेजारी, मेणबत्त्यांच्या मधे, पॉझिटिव्ह एनर्जीसाठी. ताईंकडे तर सोनेरी आहे, माझ्या मुलीएवढा. बुद्ध सगळ्यांना चालतो. त्याच्या शेजारी तो दुसरा फोटो लावला की चालत नाही. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. नाव सांगायची गरज नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला एका नजरेत कळतं तो कुणाचा फोटो आहे, आणि त्याच नजरेत त्या घरातली माणसं कोण हेही कळतं. हीच तर सगळी अडचण आहे.

माझे वडील पोस्टात होते. बदली झाली की नवीन गाव, नवीन भाड्याची खोली, आणि प्रत्येक घरमालकाची पहिली अट, भिंतीला खिळा मारायचा नाही. साताऱ्याच्या खोलीत आधीच्या भाडेकरूचा एक खिळा दारासमोरच्या भिंतीत राहिला होता. आईने त्यावर फोटो लावला. संक्रांतीला घरमालकीणबाई वाण घेऊन दारात आल्या. त्यांनी आत पाहिलं आणि वाण त्यांच्या हातातच राहिलं. थोड्याच दिवसांत निरोप आला की त्यांच्या मुलाला ही खोली लागणार आहे. त्यांना दोन मुलीच होत्या.

पुढच्या गावी आईने तो फोटो लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. सकाळी आंघोळ झाली की दार उघडायचं, हात जोडायचे, दार लावायचं. कोणी आलं तर कपाट बंद. मी लहान होते, मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं. नंतर वडिलांनी पुण्यात स्वतःचा फ्लॅट घेतला, तरी फोटो तिथेच. मी कॉलेजात असताना एकदा भांडले. आता कुणाचं भय आहे तुला, म्हटलं. आई म्हणाली, “भय कसलं? जागा चांगली आहे ती. धूळ बसत नाही.” वडील गेले, मी इकडे आले, फोटो कपाटातच राहिला.

मग नवीन घर बघायला आई इकडे आली. सुटकेसमध्ये चटण्या, मुलीला फ्रॉक आणि साड्यांच्या घड्यांत सपाट ठेवलेला तो फोटो. “नवीन घर आहे, असावा,” म्हणाली. मला भरून आलं. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले ते बाहेरच्या खोलीची कुठली भिंत, याचाच विचार करत. संध्याकाळी घरी आले तर मुलगी बेडरूममध्ये उभी होती, आमच्या कपड्यांच्या कपाटाचं दार उघडं. आतल्या बाजूला, माझ्या कोटांच्या समोर, फोटो चिकटवलेला. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, अगदी सरळ. आईच्या हाताला सवय होती.

“आजी, व्हाय इज ही इन द कबर्ड?” मुलगी विचारत होती.

आईला प्रश्न कळला. मराठी शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या बाईला एवढं इंग्रजी येतं. तिने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि मला म्हणाली, “अगं, इथे धूळ बसत नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईवर नाही. त्या न दिलेल्या वाणावर, नसलेल्या मुलावर, खिळा मारू नका म्हणणाऱ्या सगळ्यांवर. माझ्या आईला हजारो मैल दूर, माझ्या मालकीच्या घरात, कुणी न सांगता कपाट सापडलं होतं. मी त्याच दिवशी ठरवलं. फोटो बाहेरच्या खोलीत लागणार, खिडकीतून दिसणाऱ्या डावीकडच्या भिंतीवर. आमच्या पुढच्या खिडकीला एवढी मोठी काच आहे आणि इथली पद्धत म्हणून आम्ही पडदा ओढत नाही. रस्त्यावरून सायकलवर जाणाऱ्या पोस्टमनलाही दिसला पाहिजे.

फ्रेम विकत मिळाली असती. मला ती करायची होती. कोपऱ्यावरच्या घराने लहान बाळाचा लाकडी पलंग फुटपाथवर ठेवला होता, ज्याला हवा त्याने न्यावा. तो उचलून आणला, कठड्याच्या सपाट पट्ट्या सोडवल्या, रंग घासून काढला. आतून पिवळसर सुरेख लाकूड निघालं. कोपरे तिरके कापायला खाचांचा एक साचा मिळतो, त्यात करवत धरली की काप आपोआप तिरका येतो म्हणे. माझे आपोआप आले नाहीत. चारातला एकही कोपरा नीट भिडेना. तेव्हा करवतीचा भुसा लाकडाच्या गोंदात कालवला आणि फटींत भरला. वाळल्यावर पुन्हा घासलं की तिथे फट होती हे शपथेवर सांगितलं तरी कुणाचा विश्वास बसणार नाही.

फोटोचे कोपरे वर्षानुवर्षं पट्ट्या लावून काढून फाटले होते. ते झाकायला आतून पुठ्ठ्याची चौकट हवी होती. आई दोन दिवस माझी खटपट नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने आपली पांढरी सुती साडी काढली, निळ्या काठाची, जयंतीला नेसायची. मी नको नको म्हणेपर्यंत तिने पदराकडचा काठ कात्रीने कापलासुद्धा. पुठ्ठ्यावर तो काठ तिने इतका ताणून बसवला की एक सुरकुती नाही. मग लाकडाला खोबरेल तेल चोळलं. त्याला वास येईल, जवसाचं तेल लावतात, मी सांगितलं. “मी काय लावते ते मला माहितीये,” म्हणाली. फ्रेमला अजून खोबरेलाचा वास येतो.

नवरा या सगळ्यात गप्प होता, आणि तो गप्प असला की काहीतरी शिजत असतं. रविवारी आम्ही ग्रुपमधल्या तीन-चार कुटुंबांना जेवायला बोलावलं होतं. वास्तुशांत नाही, नुसतं घर बघायला या, असं मी लिहिलं होतं. फ्रेम तयार झाली तसा तो चिकटपट्ट्यांचं पाकीट घेऊन आला. ओढली की निघणाऱ्या, मागे डाग न राहणाऱ्या.

“या लावूया. म्हणजे प्रॅक्टिकली बघितलं तर नंतर हलवता येईल.”

“नंतर म्हणजे कधी? रविवारी सकाळी?”

“तसं नाही गं. बुद्ध आहे ना खिडकीत? तो सगळ्यांकडे असतो. फोटो वर बेडरूममध्ये लावू, फ्रेमसकट. मला माझं काही नाही. पोरीला इथे एकच मैत्रीण आहे जिच्याशी ती मनातलं बोलते, आणि ती ताईंची मुलगी आहे. ते बंद झालं तर तू काय सांगणार तिला?”

हा प्रश्न खरा होता, म्हणून जास्त झोंबला. हॉस्टेलवर त्याच्या रूममेटने त्याचं सर्टिफिकेट पाहिल्यावर ताट बाजूला घ्यायला सुरुवात केली होती, हे मला माहीत आहे. तो भित्रा नाही. त्याला एकदा चटका बसलाय आणि तो मुलीला आगीपासून लांब ठेवतोय. पण मला मुलगी आठवत होती, उघड्या दारासमोर उभी. मी म्हटलं, “मैत्रीण तुटली तर मी तिच्यासोबत रडेन. पण हे कपाट मी तिला देणार नाही.” मग आम्ही तह केला. फोटो बाहेरच, पण पट्ट्यांवर. मला तो तह पटला नव्हता. मी थकले होते.

रविवारी सकाळी धाड असा आवाज आला. आम्ही तिघंही स्वयंपाकघरातून पळालो. फ्रेम खाली सोफ्यावर पालथी पडली होती आणि भिंतीवर वितभर रंगाची साल लोंबत होती. पट्टी चांगलीच होती. ती रंगाला घट्ट चिकटली होती. रंग खळीवर होता, आणि खळ कशालाच चिकटलेली नव्हती. काच शाबूत होती, फ्रेमचा एक कोपरा उकलला होता. आई पुढे झाली, फ्रेम उचलली, पदराने पुसली आणि जिन्याकडे वळली. बेडरूमकडे. कपाटाकडे.

“आई, थांब,” मी ओरडले. “तिथे नाही.”

ती पायरीवर थांबली. फ्रेम तिने छातीशी धरली होती.

मी तशीच, पिठाच्या हाताने, शेजारणीकडे गेले. आमची ही भिंत तिच्या-आमच्यातली, काँक्रीटची. तिला साध्या ड्रिलने भोक पडत नाही, ठोकणारं ड्रिल लागतं. ते तिच्या नवऱ्याचं तिच्याकडे होतं. इथे रविवारी ड्रिल चालवणं म्हणजे गल्लीशी वैर घेणं. मी म्हटलं, “मला रविवारी भोक पाडायचंय. तुमच्याच भिंतीला.” तिने माझ्या हातांकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं, आणि आतून पेटी आणून दिली. “लवकर कर,” म्हणाली, “आणि कुणी विचारलं तर मी केलं सांग. मला या गल्लीत कुणी काही बोलत नाही.”

मी पेन्सिलीने खूण केली. ड्रिल टेकवलं. माझ्या आयुष्यात मी कुठल्याही भिंतीला पाडलेलं ते पहिलं भोक. काँक्रीट सुरुवातीला दाद देईना, नुसतं किंचाळत होतं. मी सगळं अंग टाकलं. तेवढ्यात नवरा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आला आणि त्याची नळी भोकाखाली धरून उभा राहिला, जमिनीवर धूळ पडू नये म्हणून. दुसरं भोक त्याने पाडलं. नळी मी धरली. प्लास्टिकचे प्लग ठोकले, स्क्रू पिळले. उकललेला कोपरा गोंद लावून नवऱ्याच्या पँटच्या पट्ट्याने आवळला. पाहुणे यायच्या आत तो धरला. आईने उरलेल्या साडीची घडी मोडली, काठ कापलेली बाजू आत खोचून नेसली, आणि आम्ही त्या भिंतीसमोर उभं राहून त्रिशरण म्हटलं. मुलीला शब्द अर्धे येतात. तिने उरलेले ओठ हलवून भागवले.

पाहुणे आले. बूट काढले, टोपलीचा दिवा वाखाणला, खोक्यांचं कपाट वाखाणलं. मग ताईंची नजर भिंतीवर गेली. त्या बोलत होत्या ते वाक्य अर्धं राहिलं. बाकीच्यांनी त्यांच्या नजरेमागे पाहिलं.

“छान आहे फ्रेम,” ताई म्हणाल्या. मग आईकडे वळून, गोड आवाजात, “काकूंचा का फोटो? काकू आल्यात म्हणून लावलाय?”

त्यांनी दार उघडून दिलं होतं. हो म्हटलं की सुटलो. काकू परत गेल्या की फोटोही गेला, असं सगळ्यांनी मानायचं. मी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली.

“नाही,” आई म्हणाली. “माझा कपाटात असायचा. हा हिचा आहे. भिंतीला भोक पाडून लावलाय.”

“नाही, म्हणजे, तसं काही नाही,” ताई हसल्या. “फक्त तुमच्याकडे बघून कधी वाटलंच नाही हो.”

“काय बघितलं असतं म्हणजे वाटलं असतं?” मी विचारलं. हातात भजीचं ताट होतं, आवाज माझा मलाच मोठा वाटला. नवऱ्याने माझ्या हातातलं ताट घेतलं आणि तिथेच, माझ्या बाजूला, उभा राहिला. आम्ही असलं काही मानत नाही, इथे आल्यावर तर मुळीच नाही, असं काहीतरी ताई पुटपुटल्या. मी म्हटलं, “मग बरंच झालं. जेवायला बसा.”

त्यांना एकदम आठवलं की आज त्यांचा उपवास आहे. आई उठली, सफरचंद कापून आणलं, बशी त्यांच्यापुढे ठेवली. “फळ तर चालतं ना?” म्हणाली आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. आयुष्यभर वर्गात पोरांकडून पाढे म्हणवून घेतलेली बाई. फोडी संपेपर्यंत ती हलली नाही.

मी स्वयंपाकघरात पोळ्या गरम करत होते तेव्हा पाहुण्यांतली एक मुलगी मदतीला आली. तिचा नवरा लायडनला संशोधन करतो, ती दोघं ट्रेनने आली होती, ग्रुपमध्ये कधी फारशी बोलायची नाही. पोळ्यांवर तूप लावता लावता खालच्या आवाजात म्हणाली, “आमचा बेडरूममध्ये आहे.”

मी तिच्याकडे पाहिलं. “भिंत कसली आहे? काँक्रीटची?”

“माहीत नाही.”

“ठोकून बघ, आवाजावरून कळतं. ड्रिल शेजारणीचं आहे, विचारून देते.”

आई परत गेली. ग्रुपवरचे निरोप कमी झाले. दिवाळीचा एकत्र फराळ झाला, ते आम्हाला फोटोंवरून कळलं. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. चांगलंच लागलं, आणि ते लागणं मी कुणापासून लपवलं नाही, मुलीपासूनही नाही. तिची मैत्रीण बरेच दिवस फिरकली नाही. मुलगी खिडकीत बसून सायकली बघायची. नवऱ्याने एकदाही मला ‘बघ, म्हटलं होतं’ असं म्हटलं नाही. मग एका दुपारी ती पोरगी आली, सायकल आडवी टाकून, जणू कालच भेटल्यासारखी. फोटोसमोर उभी राहून विचारलं, हे कोण? माझी मुलगी तिला डचमध्ये सांगत बसली. खूप वेळ. मी आतून ऐकत होते, निम्मं कळत होतं. मधेच संविधानाचा डच शब्द ओळखू आला. एवढं मी स्वतः कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

शेजारीण रविवारचं भोक बघायला आलीच. फोटो कुणाचा ते तिला सांगितलं. “एवढा मोठा माणूस,” ती म्हणाली, “आणि एवढा बारीक स्क्रू?” दुसऱ्या दिवशी तिने जाड स्क्रू आणून दिले.

परवा आईचा व्हिडिओ कॉल आला. पुण्यातला तोच फ्लॅट. फोन हातात धरून ती बेडरूममध्ये गेली, लोखंडी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीच्या चार पिवळ्या खुणा आणि मधे मोकळा पत्रा. मग तिने फोन हलवत हलवत बाहेरच्या खोलीत आणला. दारासमोरच्या भिंतीवर नवा फोटो होता, जुन्याच्या दुप्पट मोठा. खालून इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं म्हणे. भोकाभोवतीचा पोपडा निघाला होता आणि फोटो जरासा उजवीकडे कलला होता. घराचं दार सताड उघडं होतं, जिन्यातून कुणीतरी वर जाताना दिसलं.

“वाकडा लागलाय,” मी म्हटलं.

“असू दे. दिसतोय ना?” आई म्हणाली. मग जवळ जाऊन तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि काचेवरून फिरवलं. “धूळ मात्र फार बसते गं इथे.”

“मग?”

“मग काय. रोज पुसते.”